शाखा ओस दिसते, म्हणजे तिची गरज संपली असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या अकरा शाखा आहेत. काही जुन्या इमारतींत, काही भाड्याच्या जागेत. सहा महिन्यांत व्यवस्थापन मंडळाला अहवाल द्यायचा आहे, की कोणत्या शाखेची दुरुस्ती करायची, कोणती हलवायची आणि कोणती बंद केली तरी चालेल. पुस्तकांच्या देवघेवीचे आणि येणाऱ्या वाचकांचे आकडे हातात आहेत. त्यांवरून शाखांची क्रमवारी लावली तर पुरेल का?

नाही पुरणार. गेली वीसेक वर्षं मी शाखांच्या पाहणीचं काम करते आहे आणि सर्वांत जास्त नुकसान याच क्रमवारीमुळे झालेलं पाहिलं आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

देवघेवीच्या आकड्यावरून शाखेने लोकांना काय दिलं ते कळतं. लोकांना काय हवं होतं, ते कळत नाही. समजा, छत गळतं म्हणून बालविभाग दोन वर्षं बंद आहे. मुलं यायची थांबली, म्हणून बालपुस्तकांची खरेदी कमी झाली. नवीन पुस्तकं नाहीत म्हणून उरलीसुरली मुलंही गेली, त्यांच्यासोबत त्यांच्या आयाही गेल्या. मग एका बैठकीत कुणीतरी तक्त्यावर बोट ठेवून म्हणतं, ‘या भागात वाचनाची आवडच नाही.’ आणि दुरुस्तीचा निधी दुसऱ्या शाखेला जातो. इथे आवड संपली नव्हती, छत गळत होतं. म्हणून इमारतीची स्थिती आणि लोकांची गरज ही दोन मोजमापं पूर्णपणे वेगळी ठेवा. शक्य असेल तर ती वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्या. एकाचा निकाल दुसऱ्याला आधी कळू देऊ नका.

इमारतीचं काम त्यातल्या त्यात सोपं. भिंतीवरचा तडा गिलाव्यातला आहे की तुळईतला, हे ठरवायला अभियंताच हवा, तिथे आपलं डोकं चालवू नये. पण पुस्तकांच्या वजनाची कल्पना त्याला आपण द्यायला हवी. राहत्या घराची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरून बांधतात. वाचनकक्षाला ३०० किलोच्या आसपास लागतो आणि भरगच्च मांडण्यांच्या खोलीला ६०० ते ७५० किलो. कितीतरी शाखा कुणाच्या तरी घरात किंवा कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर सुरू होतात, मांडण्या एकेक करून वाढत जातात आणि तो मजला मुळात कशासाठी बांधला होता हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. अशा शाखेत प्रत्येक मांडणी कुठे उभी आहे याचा नकाशा काढून अभियंत्याच्या हातात द्या. नुसत्या तोंडी माहितीवर तो काही सांगू शकत नाही.

त्यानंतर पाण्याचा माग काढा. पाहणीसाठी पावसाचा दिवस निवडा, निदान पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तरी जा. छतावरचे डाग सगळेच पाहतात. तुम्ही बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या मांडणीमागे हात घालून पाहा, सर्वांत खालच्या फळीवरची पुस्तकं उचलून त्यांच्या कडा पाहा, आणि आत शिरताक्षणी कसला वास येतो तो लगेच लिहून ठेवा, कारण दहा मिनिटांत नाक सरावतं. प्रत्येक शाखेत एक साधं आर्द्रतामापक महिनाभर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ नोंद घ्यायला सांगा. हवेतली सापेक्ष आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर बुरशी आज दिसत नसली तरी ती येणार. मांडणी भिंतीपासून थोडी पुढे ओढून मागे हवा खेळती ठेवली, तर बराच फरक पडतो. एवढ्या साध्या उपायासाठी अहवाल पूर्ण व्हायची वाट पाहू नका, त्याच दिवशी करून टाका.

आणि बादली कुठे ठेवतात ते विचारा. प्रत्येक जुन्या शाखेत एक बादली असते आणि तिची जागा ठरलेली असते. ती जागा शिपायाला किंवा सफाई करणाऱ्या बाईंना ठाऊक असते, कारण पहाटे पाणी त्यांनीच काढलेलं असतं. शाखाप्रमुखांशी बोलण्याआधी या दोघांशी बोला, निवांत आणि एकेकट्याने. अभियंत्याच्या अहवालाइतकीच ही माहिती मोलाची असते.

वीज, उजेड आणि वावर या तीन गोष्टी तुम्ही स्वतःच्या शरीराने तपासू शकता. एक्स्टेंशन बोर्ड मोजा. ते जितके जास्त, तितकी मूळ वायरिंग आजच्या वापराला अपुरी. वाचनाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. पण खरी परीक्षा मांडण्यांच्या रांगेत होते: दिवस मावळल्यावर उभे राहा आणि सर्वांत खालच्या फळीवरच्या पुस्तकाचा वर्गांक, म्हणजे पाठीवरचा विषयक्रमांक, वाचता येतो का पाहा. वावराचं म्हणाल तर दाराशी केलेला उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फुटांत एक फूट याहून, चढा नको आणि दोन मांडण्यांमधली वाट किमान ९०० मिलिमीटर हवी. टेप लावून मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या वाचकाला मानाने बोलवा आणि दारापासून पुस्तक घरी नेण्यापर्यंतचा सगळा प्रवास त्यांच्यासोबत करा. १८८३ ते १९२९ या काळात अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयं उभी राहिली. त्यांतल्या अनेकांच्या दाराशी भारदस्त पायऱ्या होत्या, ज्ञानाकडे वर चढून जायचं या कल्पनेतून. इमारत भक्कम, पण चढू न शकणारा माणूस कायमचा बाहेर. म्हणून ‘स्थिती चांगली’ असा शेरा मारताना कोणासाठी चांगली, हे लिहायलाच हवं.

स्वच्छतागृहाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पाहणीच्या तक्त्यात त्याला एक चौकोन मिळतो आणि त्यात ‘आहे’ असं लिहून लोक पुढे जातात. मी पाहिलेल्या एका शाखेत दुपारच्या अभ्यासिकेत फक्त मुलगे बसलेले दिसत. मुलींना इथे अभ्यासाला यायचं नसतं, असं मला सांगण्यात आलं. मी आसपासच्या मुलींना विचारलं. बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली होती आणि जिन्यावरचा दिवा कित्येक महिने बंद होता. बसायचं तर चार-पाच तास, आणि तेवढा वेळ पाणी न पिता कोण बसणार? कडी आणि दिवा दुरुस्त झाल्यावर मुली आल्या. सगळ्या शाखांत असं इतकं सरळ उत्तर मिळत नाही. पण स्त्रिया, म्हातारी माणसं आणि लहान मुलं शाखेत किती वेळ थांबू शकतात हे पुस्तकांआधी स्वच्छतागृह ठरवतं, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

इमारतीच्या वयावरून निष्कर्ष काढू नका. कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत २००७ मध्ये एक ग्रंथालय-उद्यान उघडलं. जगभर त्याची छायाचित्रं छापली गेली. बांधकामातल्या दोषांमुळे दहा वर्षांच्या आत ते वाचकांसाठी बंद करावं लागलं. उलट शंभरी ओलांडलेल्या आणि वेळच्या वेळी डागडुजी झालेल्या कितीतरी वास्तू आजही कोरड्या ठणठणीत आहेत.

मंडळाला एक आकडा हवाच असेल, तर इमारतशास्त्रात एक निर्देशांक वापरतात: रखडलेल्या सगळ्या दुरुस्त्यांचा खर्च भागिले तीच इमारत आज नव्याने बांधायचा खर्च. उत्तर ५ टक्क्यांच्या आत असेल तर स्थिती चांगली, १० च्या वर गेलं तर वाईट, असा ढोबळ संकेत आहे. आकडा उपयोगी आहे, जरूर द्या. फक्त सोबत हेही लिहा, की चुकीच्या जागी बांधलेल्या किंवा वस्तीला अपुऱ्या पडणाऱ्या इमारतीचा निर्देशांकही उत्तम येऊ शकतो. भिंती शाबूत आहेत की नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

ग्रंथसंग्रहाची तपासणी लवकर उरकते. ग्रंथालयांच्या वापराचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ट्रूस्वेल यांनी १९६९ मध्ये मांडलेलं निरीक्षण बहुतेक ठिकाणी कमीअधिक खरं ठरतं: सुमारे ८० टक्के देवघेव सुमारे २० टक्के पुस्तकांचीच होते. प्रत्येक विषयाचा संग्रहातला वाटा आणि देवघेवीतला वाटा शेजारी मांडा. एखादा विषय संग्रहात ४ टक्के आणि देवघेवीत १२ टक्के असेल, तर तिथे भूक आहे आणि ताटात काही नाही. आरोग्य, कायदा आणि संगणक या तीन विषयांतल्या पुस्तकांची प्रकाशनवर्षं स्वतः पाहा, तिथे जुनी माहिती माणसाचं नुकसान करते. फळ्या तीन-चतुर्थांशापेक्षा फार भरलेल्या असतील, तर जागा अपुरी आहे असं लिहिण्याआधी निर्लेखन, म्हणजे जुनी-निरुपयोगी पुस्तकं संग्रहातून काढणं, किती वर्षांत झालं नाही ते विचारा.

आता गरजेकडे वळते. सहा महिन्यांतला निम्म्याहून जास्त वेळ इथे जाऊ द्या.

शाखेभोवती कंपास ठेवून वर्तुळ काढायची सवय सोडा. माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, तिचं मला आजही वाईट वाटतं. दोन शाखांमधलं अंतर नकाशावर दीड किलोमीटरही नव्हतं. त्या एकत्र कराव्यात अशी शिफारस मी केली आणि ती मान्य झाली. मधून रेल्वेमार्ग जात होता आणि ओलांडायला एकच पादचारी पूल होता, तोही वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. मोठी माणसं वळसा घालून आली. शाळकरी मुलं आली नाहीत, कारण त्यांना कुणी एकटं पाठवेना. दुसऱ्या वर्षी बालसभासदांची यादी पाहिली तेव्हा मला कळलं, की मी नकाशा पाहिला होता, रस्ता चालले नव्हते. तेव्हापासून कोणत्याही शाखेचं क्षेत्र मी आधी पायी फिरून ठरवते: शाळा सुटायच्या वेळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. पंधरा मिनिटांत मुलाला सुरक्षितपणे कुठून चालत येता येतं, तेवढं त्या शाखेचं क्षेत्र. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. तो वेळ घराच्या उंबऱ्यापासून मोजायला हवा, देवघेवीच्या काउंटरपासून नव्हे.

हे क्षेत्र ठरलं, की त्यातली जनगणनेची माहिती काढा. वयोगट, साक्षरता, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा, आणि मिळाली तर एका खोलीत किती माणसं राहतात ही माहिती. ही शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जिथे एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, तिथल्या मुलाला पुस्तकाआधी एक शांत टेबल हवं असतं. मग सभासदांचे पत्ते, नावं काढून टाकून, त्याच नकाशावर ठिपक्यांनी दाखवा. ठिपके जिथे दाट आहेत तिकडे नजर आपोआप जाते. तुम्ही कोऱ्या जागांकडे पाहा. शाखेला लागून असलेल्या गल्लीत एकही ठिपका नसेल, तर त्या गल्लीत जायला हवं.

याचं कारण असं, की शाखेच्या आत प्रश्नावली वाटली तर आलेल्यांचंच मत कळतं आणि ते बहुधा समाधानी असतात, म्हणून तर आलेले असतात. न येणाऱ्यांना गाठायचं तर बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी उभं राहावं लागतं. त्यांना ‘तुमच्या भागात ग्रंथालय हवं का?’ असं विचारू नका. या प्रश्नाला कुणीच नाही म्हणत नाही, त्यामुळे त्या होकाराला काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारा: गेल्या महिन्यात एखादा अर्ज भरायचा होता, तेव्हा कुठे गेलात? मुलाला अभ्यासाचं काही अडलं तेव्हा काय केलंत? रिकामे दोन तास मिळाले तर कुठे जाऊन बसता? उत्तरांत ‘ग्रंथालय’ हा शब्द क्वचित येईल. पण पैसे देऊन अर्ज भरून घेणारी माणसं, जिन्यात बसून अभ्यास करणारी मुलं, घरात दिवसभर एकटे असणारे आजोबा हे सगळं त्यात येईल, आणि गरजांची यादी त्यातूनच तयार होते.

लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स विभागाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांना असंच मोठ्या प्रमाणावर विचारलं. ग्रंथालयं आमच्या रोजच्या वाटेवर नाहीत आणि आम्हाला वेळ असतो तेव्हा ती बंद असतात, अशा स्वरूपाच्या तक्रारी पुढे आल्या. त्यांनी ग्रंथालय आणि प्रौढशिक्षण एकत्र करून, बाजाराच्या वाटेवर, जास्त वेळ उघडी राहणारी केंद्रं काढली. पहिलं २००२ मध्ये सुरू झालं. जुन्या शाखांच्या देवघेवीचे आकडे कितीही बारकाईने तपासले असते, तरी या तक्रारी त्यांत सापडल्या नसत्या.

शाखेच्या आतही तीन नोंदी सुरू करा, आजपासूनच, कारण त्यांना वेळ लागतो. पहिली, दर तासाला एक फेरी: किती जण बसलेत, कुठे, आणि काय करताहेत. नाव नको, चेहरा नको, फक्त कृती. एक आठवडा परीक्षांच्या दिवसांत आणि एक आठवडा एरवी. दुसरी, न मिळालेल्या मागण्यांची वही. वाचकाने विचारलं आणि आपण ‘नाही’ म्हणालो, ते प्रत्येक पुस्तक, प्रत्येक भाषा, प्रत्येक सेवा. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हा रंगनाथन यांचा दुसरा नियम कुठे मोडतो ते या वहीत दिसतं. बहुतेक शाखांत ही वहीच नसते आणि नकार हवेत विरून जातो. तिसरी, काउंटरवरच्या पुस्तकाशी संबंध नसलेल्या प्रश्नांची. एका शाखेत असे प्रश्न पुस्तकांच्या प्रश्नांहून जास्त निघाले. तिथली देवघेव अकरा शाखांत तळाला असती, पण ती माणसं त्या शाखेविना अडून बसली असती.

उघडण्याच्या वेळा हाही गरजेचाच भाग समजा. कामगार वस्तीतली शाखा माणसं घरी परतायच्या आत बंद होत असेल, तर तिथल्या कमी हजेरीचं खापर वस्तीवर फोडता येत नाही. एक-दोन शाखांत महिनाभर वेळ बदलून पाहा. इमारतीला हातही न लावता करता येणारा हा एकमेव प्रयोग आहे आणि तो फार काही शिकवतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: काही ठिकाणी गरज खरंच दुसरीकडे भागलेली असते. शेजारी उत्तम शालेय ग्रंथालय असेल आणि ते संध्याकाळी सर्वांना खुलं असेल, किंवा वस्तीच उठून गेली असेल. तसं आढळलं तर लिहा. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्याने, १९४९ पासून २०२२ च्या आवृत्तीपर्यंत, ही सेवा सर्वांसाठी समान असावी हे तत्त्व धरून ठेवलं आहे. समान याचा अर्थ सगळीकडे सारख्या खोल्या असा होत नाही.

आता दोन्ही मोजमापं शेजारी ठेवा. इथे मोह होतो, की स्थितीला अमुक गुण, गरजेला अमुक गुण, बेरीज करून अकरा शाखांना क्रमांक द्यावा. बेरीज करू नका. पडकी इमारत आणि तीव्र गरज असलेली शाखा, आणि चांगली इमारत पण गरज ओसरलेली शाखा यांची बेरीज सारखीच येऊ शकते. पहिलीला तातडीने पैसा हवा आणि काम होईपर्यंत जवळच पर्यायी जागा हवी. दुसरीचे कर्मचारी आणि संग्रह दुसरीकडे नेण्याचा विचार करता येतो. प्रत्येक शाखेसाठी दोन पानं लिहा, एक इमारतीचं आणि एक माणसांचं, आणि शिफारस त्याखाली चार ओळींत. बंद करण्याची शिफारस असेल तर पाचवी ओळ सक्तीची: आज येणारे वाचक उद्या कुठे जातील, आणि तो रस्ता कोण, कधी चालून आलं.

कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवशीच सगळं सांगा. पाहणी म्हणजे शाखा बंद होणार असा बोभाटा झाला, की माणसं गळती झाकू लागतात आणि हजेरी फुगवू लागतात. त्यांच्या जागी कुणीही तेच करेल. एका ठिकाणी ओलीने फुगलेल्या पुस्तकांची दोन कपाटं माझ्यापासून लपवून ठेवली होती, केवळ भीतीपोटी. नोकरी जाणार नाही हे मंडळाकडून लेखी घ्या, ते शाखांना दाखवा, मगच टेप आणि वही घेऊन निघा. आणि त्यांनी भरलेल्या नोंदींतून काय निघालं ते त्यांनाच आधी वाचून दाखवा. चुका तिथेच दुरुस्त होतात.

सहा महिन्यांत अकरा शाखा होतात, पण पहिला महिना फक्त दोन शाखांना द्या. तक्ते, प्रश्न, फेऱ्यांच्या वेळा सगळं तिथे वापरून पाहा आणि जे चालत नाही ते बदला. या दोनपैकी एक शाखा सध्याच्या आकड्यांत तळाला असलेली निवडा. तिथे पहिल्या भेटीला दुपारी जाऊ नका. बंद व्हायच्या अर्धा तास आधी जा, दार लागेपर्यंत थांबा, आणि नंतर पंधरा मिनिटं बाहेर उभं राहून पाहा, बंद दारापर्यंत येऊन कोण कोण परत जातं ते.